बीकन, प्रोब, फावडं: हिमस्खलनात गाडलेल्यांना शोधायच्या बारा संचांसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की नाशिकहून हिमालयात जाणाऱ्या पोरांची लगबग सुरू होते. केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास. गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालेले त्याहून वर. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या गप्पा मारत चढणारी ही मंडळी. कातळ आपल्याला कळतो, बर्फ कळत नाही. आमच्या गिर्यारोहण संस्थेला हे कबूल करायला एक भेग दिसावी लागली.

गेल्या जानेवारीत आमचे चार सभासद उत्तराखंडात होते. रात्रभर बर्फ पडून सकाळी लख्ख ऊन आलं. एक उतार आडवा पार करताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला आणि वरच्या बाजूला बर्फात लांबलचक भेग गेली. पुढे काही झालं नाही. वाटाड्याने एक शब्द न बोलता सगळ्यांना आल्या पावली मागे नेलं. त्याला आवाजाचा अर्थ ठाऊक होता. वरचा घट्ट थर खाली साखरेसारख्या भुसभुशीत थरावर टेकलेला होता आणि तो खालचा थर खचला होता. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर अशा वेळी वरची अख्खी लादी सुटते, म्हणजेच हिमस्खलन होतं. माणसं अडकतात त्या बहुतेक अपघातांत ती सुटते त्यांच्याच किंवा सोबत्यांच्या वजनाने. आपली मुलं मात्र तोवर त्या ऊन पडलेल्या उताराचे फोटो काढत होती.

ट्रेक नेणाऱ्या कंपनीने बुटांखाली लावायचे मायक्रोस्पाइक्स दिले होते, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायांवर चढवायचे गेटर्स दिले होते. बीकन चौघांपैकी एकाकडेही नव्हता.

बीकन म्हणजे अंगावर पट्ट्याने बांधायचं मोबाइलएवढं यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीचे आपापली यंत्रं शोधावर टाकून जागा हुडकतात. मग प्रोब, म्हणजे अडीच-तीन मीटरची घडीची काठी, टोचून नेमकं ठिकाण धरायचं आणि फावड्याने उपसायचं. घसरून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, हाताने उकरता येत नाही. म्हणून तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसं जगतात, अर्ध्या तासानंतर फार थोडी. तेवढ्या वेळात तिथे हेलिकॉप्टर पोचत नाही. असतात ते फक्त बरोबरचे.

२८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा सडक संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन झालं. ५४ जण त्यात अडकले, त्यातले ४६ वाचले. लष्कराचे जवान जवळच होते आणि कामगार लोखंडी कंटेनरमध्ये होते, म्हणून एवढे तरी वाचले. ट्रेकरच्या तंबूला असलं काही नसतं. चंडीगडची डिफेन्स जिओइन्फर्मेटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट ही संरक्षण संशोधन संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचे इशारे देते, ते निघण्याआधी वाचायलाच हवेत. पण इशारा असतो जिल्ह्याचा. समोरचा उतार आपला आपणच वाचायचा असतो.

अनुभवी माणसांना काही होत नाही, असंही कुणी म्हणू नये. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगच्या तुकडीतले २९ जण हिमस्खलनात गेले. त्यात प्रशिक्षकही होते, आणि त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवालही होती.

आम्हाला बारा संच घ्यायचे आहेत. आयातीचा खर्च धरून एक संच साधारण ४५ हजारांना पडतो, म्हणजे एकूण ५ लाख ४० हजार. संच संस्थेत राहतील. नाशिक जिल्ह्यातून हिमालयात जाणाऱ्या कुणालाही ते अनामत ठेवून मिळतील, तो आमचा सभासद असो वा नसो. अट एकच: आधी सरावाला यायचं. न शिकता बांधलेला बीकन ताईतासारखाच. खिशातला मोबाइल जवळ आला तरी त्याचा शोध चुकतो, हे सरावातच कळतं.

सरावाला बर्फ लागत नाही. डिसेंबरात इगतपुरीकडे भातकाढणी झाली की पेंढ्याच्या गंजीत प्लास्टिकच्या डब्यात बीकन पुरून ठेवू आणि घड्याळ लावून शोधायला लावू. ज्या शेतकऱ्यांना आपलं खाचर एखाद्या रविवारी देता येईल, त्यांनी जरूर कळवावं. पेंढा परत नीट रचून देऊ.

परदेशातल्या मराठी मंडळींना वेगळी विनंती. स्वित्झर्लंड, कॅनडा, कोलोरॅडो इथे स्कीइंग करणारे नवा बीकन घेतात तेव्हा जुना कपाटात पडून राहतो. तो तीन अँटेनांचा डिजिटल आणि चालू स्थितीतला असेल तर आम्हाला द्या. एका अँटेनाचे जुने ॲनालॉग कृपया पाठवू नका, ते आम्ही कुणाच्या अंगावर बांधणार नाही.

देणगी रोख, धनादेश किंवा यूपीआयने चालेल. संस्थेच्या बुधवारच्या बैठकीत, संध्याकाळी सातनंतर, खजिनदारांकडे द्यावी आणि पावती मागून घ्यावी. प्राप्तिकरातली ८०-जीची सवलत अजून मिळालेली नाही, अर्ज केला आहे. पाचशे रुपयेही चालतील. कुणी एक अख्खा संच दिला तर त्यावर घरातल्या दिवंगताचं नाव घालू, मात्र फावड्याच्या दांड्यावर. बीकनला काही चिकटवायचं नाही.

ऑर्डर ऑक्टोबरअखेर द्यावी लागेल, नाहीतर माल जानेवारीच्या तुकडीला मिळणार नाही.