रस्ता वर, घर खाली : नागपूरच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पालकमंत्री महोदय,
नागपूर जिल्हा.

सविनय नमस्कार.

पूर्व नागपुरातल्या एका ले-आउटमध्ये माझ्या आजोबांनी १९८६ मध्ये घर बांधले, तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आमच्या ओट्यावर यावे लागत असे. पुढे डांबराचे थर चढत गेले आणि एक पायरी बुजली. २०२२ च्या उन्हाळ्यात गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि दुसरीही गेली. आता आमच्याकडे येणारा माणूस फाटकातून एक पायरी खाली उतरतो, आणि पावसाळ्यात त्याच्या आधी पाणी उतरते. बाबांनी फाटकाच्या आत विटांचा वीतभर उंच बांध घातला आहे. तो ओलांडताना आजीला स्वतःच्याच घरात शिरण्यासाठी कोणाचा तरी हात धरावा लागतो. जोराचा पाऊस आला की आई बांधाच्या फटीत जुनी पोती कोंबते आणि बाबा दिवाणखान्यातला सोफा विटांवर चढवतात. हे दोघे आता इतके सरावले आहेत, की एकमेकांशी न बोलता ते सारे उरकतात.

मी सव्वीस वर्षांची आहे. सिव्हिल शाखेची पदवी घेऊन बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामावर देखरेखीचे काम करते. रस्त्याची लेव्हल कशी धरतात हे मला पोटापाण्यासाठी शिकावे लागले असल्याने, आमच्या गल्लीत काय चुकले ते मी भावनेच्या भरात सांगत नाही. सिमेंटच्या रस्त्यांना माझा विरोधही नाही. नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबरी रस्त्याची दरवर्षी कशी चाळण होते हे आम्ही लहानपणापासून पाहिले आहे. परंतु सिमेंटच्या रस्त्यात वीस-बावीस सेंटिमीटरचा काँक्रीटचा थर असतो आणि त्याच्या खाली आणखी एक थर असतो. जुना रस्ता तेवढा खोदून काढला, तरच नवा रस्ता जुन्या पातळीवर बसतो. खोदायचे म्हटले की पाण्याची लाइन लागते, सांडपाण्याची गडर लाइन लागते, विजेची केबल लागते, दिवस वाढतात, खर्च वाढतो. म्हणून जुन्याच रस्त्यावर नवा ओतला जातो आणि फूटभर उंची वाढते. पूर्वी गल्लीतले थोडे पाणी कडेच्या मातीत तरी मुरत असे. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीपर्यंत गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवले आहेत, आणि पावसाळी नालीची तोंडे गट्टूंच्याही वर राहिली आहेत. पाण्याने जायचे कुठे? ते आमच्या घरात येते.

काम चालू असताना मी ठेकेदाराच्या माणसाला विचारले होते, की घरांच्या प्लिंथची, म्हणजे जोत्याची, उंची कोणी मोजली आहे का. त्याने अतिशय सौजन्याने उत्तर दिले, “ताई, आम्हाला चौकाची लेव्हल दिली आहे, घराची नाही.” त्याचे चुकले असे मला आजही वाटत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर घर नव्हतेच.

हे विचारायचे कोणाला, हाच पुढे माझा खरा प्रश्न झाला, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. नागपूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षांहून अधिक काळ, या शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकांचा कारभार होता. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागरचना आणि त्यावरची सर्वोच्च न्यायालयातली प्रकरणे ही कारणे मला ठाऊक आहेत, आणि तो विलंब केवळ नागपूरच्या वाट्याला आला नाही हेही ठाऊक आहे. तरीही महापालिकेची मुदत संपण्याच्या आत नवी निवडणूक झाली पाहिजे, असे ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले आहे आणि ती १९९३ पासून लागू आहे. २०१७ च्या निवडणुकीच्या वेळी मी सतरा वर्षांची होते. लोकसभेसाठी दोनदा आणि विधानसभेसाठी दोनदा मत देऊन झाल्यावर, ज्या सभागृहाचा माझ्या दारातल्या नालीशी संबंध आहे त्यासाठी मी पहिले मत दिले ते सव्वीस वर्षांची होताना. आजचे मुख्यमंत्री याच शहरात १९९२ मध्ये नगरसेवक झाले आणि तिशी गाठण्याच्या आत, १९९७ मध्ये, महापौर झाले. माझ्या पिढीला त्या वयात चौकाचौकात ‘भावी नगरसेवक’ असे लिहिलेले फलक तेवढे वाचायला मिळाले.

या पोकळीचा अर्थ मला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कळला. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचे जेवण होते, म्हणून आई आणि मी अंबाझरीजवळच्या एका ले-आउटमध्ये मावशीकडे मुक्कामाला होतो. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी, जिला आम्ही एरवी नाला म्हणतो, आपल्या जागेवर परत आली. मला जाग आली तेव्हा पाणी पलंगाच्या पाट्यांना लागले होते. मावशीने सर्वांत आधी दोन्ही महालक्ष्म्यांचे मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले आणि मगच मावसाजींना मेन स्विच बंद करायला सांगितले. शिक्षणाप्रमाणे हा क्रम उलटा हवा होता, पण तेव्हा तिला तसे सांगण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. आंबिलीचे पातेले तरंगत बैठकीपर्यंत आले होते आणि फ्रिज पाठीवर आडवा झाला होता. उजाडल्यावर आम्ही गच्चीवरून पाहिले, तर समोरच्या गल्लीतल्या आजोबांना शेजारची मुले खुर्चीत बसवून खांद्यावरून नेत होती. त्या पुरात शहरात चार जणांचा जीव गेला, लष्कराला पाचारण करावे लागले, आणि शासनाने घरटी दहा हजार रुपयांची मदत जाहीर केली. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने पाणी किती फूट होते असे विचारले, तेव्हा मावशीने भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेवर बोट ठेवले. ती रेघ रंग देऊनही दमट दिवसांत अजून उमटते.

त्या आठवड्यात मावशीच्या गल्लीला एकच गोष्ट हवी होती : कोणत्या घरात म्हातारी माणसे आहेत, कोणाकडे इन्सुलिन ठेवलेला फ्रिज होता, पाण्याचा टँकर आधी कुठे लावायचा, हे ज्याला पाठ आहे आणि ज्याला हक्काने रागावता येते असा माणूस. माजी नगरसेवक येऊन गेले, ते आपुलकीने आले होते, पण पदच नसल्याने त्यांच्या हातात काही नव्हते. अधिकारी राबत होते. त्यांना गल्ली माहीत नव्हती. अंबाझरीच्या सांडव्याचा विषय पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. न्यायालयाने तलावाकडे लक्ष दिले याचे समाधान आहे, परंतु गल्लीतल्या नालीच्या तोंडासाठीही नागरिकांनी जनहित याचिकाच करायची काय?

आता सभागृह आले आहे. १५१ सदस्य आहेत, आणि बहुतेक प्रभागांतून चार-चार निवडून आले आहेत. मी यंत्रावर चार बटणे दाबली आणि बाहेर येऊन शाई लावलेल्या बोटाचा फोटोही काढला. मार्चमध्ये नालीच्या प्रश्नासाठी पहिल्या सदस्यांना फोन केला, तर ते म्हणाले की आमचा भाग दुसरे सदस्य पाहतात. दुसऱ्यांनी तिसऱ्यांकडे पाठवले. चौथ्यांनी अत्यंत आपुलकीने ऐकून घेतले आणि अर्ज द्यायला सांगितले. अर्ज मी आधीच दिलेले होते. त्यांच्या पोचपावत्या आईने गॅसच्या पुस्तकासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत, पाणी लागू नये म्हणून. पूर्वी कोणीच नव्हते आणि आता चौघे आहेत, पण आमच्या दारातल्या पाण्याला या दोन्हींतला फरक अजून कळलेला नाही.

महोदय, माझ्या एका खासगी काळजीचा उल्लेख इथे करते, कारण ती माझ्या एकटीची नाही. मला पुण्यातल्या एका कंपनीत बोलावणे आले आहे, पगार इथल्या दुपटीच्या जवळ आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली-मुले तिकडेच आहेत. दिवाळीत त्यांच्या ट्रॅव्हल्स इथे येऊन लागतात आणि भाऊबीज झाली की भरून परत जातात. गेल्या ऑगस्टपासून अजनीहून पुण्याला वंदे भारतही सुटते, तिचे आम्हाला कौतुक आहे, आणि समृद्धी महामार्गाचेही आहे. पण या शहरातून बाहेर जाण्याच्या वाटा जितक्या सुधारत आहेत, तितकी माझ्या घराच्या फाटकापासून चौकापर्यंतची वाट सुधारत नाही. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात आणखी नोकऱ्या याव्यात, ही मागणी माझ्याआधी अनेकांनी केली आहे. माझी अडचण त्याहून लहान आहे. मी पुण्याला गेले, तर रात्री दोन वाजता पाऊस आल्यावर सोफ्याचे दुसरे टोक कोण उचलणार, एवढ्याच प्रश्नावर मी कंपनीला अजून उत्तर दिलेले नाही.

आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात आणि शहरातल्या सर्व यंत्रणांना एका टेबलाशी बसवू शकता, म्हणून आपल्याकडे मागते. यापुढे कोणत्याही गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर होताना दोन्ही बाजूंच्या घरांच्या प्लिंथची उंची आणि नियोजित रस्त्याची उंची एकाच तक्त्यात मांडली जावी, आणि तो तक्ता काम सुरू होण्याआधी गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावला जावा. त्याला फारसा खर्च नाही. एक लेव्हल यंत्र, दोन माणसे आणि अर्धा दिवस पुरतो, हे मी स्वतः काम करून सांगते. जिथे रस्ता आधीच वर गेला आहे, तिथे निदान नालीची तोंडे मृग लागण्याआधी खाली घेतली जावीत. आणि महापालिका कायद्यात २००९ च्या दुरुस्तीने आलेली क्षेत्रसभा, म्हणजे त्या-त्या भागातल्या मतदारांची सभा, आमच्या प्रभागात एकदा तरी भरावी. चार सदस्यांच्या प्रभागात ती कोणी बोलवायची, असा पेच असेल, तर चौघांपैकी कोणता भाग कोणाचा हे लेखी ठरवून दिले जावे, म्हणजे माझ्यासारखीला चार फोन करावे लागणार नाहीत.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला आठवडा उरला आहे. या विषयाच्या पाहणीसाठी आपण कोणाला पाठवणार असाल, तर त्यांना कृपया पहिला जोराचा पाऊस पडत असताना पाठवावे. उन्हात आमची गल्ली फार देखणी दिसते, आणि मागच्या वेळी आलेले गृहस्थ तिचा फोटो काढून समाधानाने परत गेले होते.

आपली नम्र,
पूर्व नागपुरातील एक रहिवासी