कवी-संपादक हेमंत दिवटे यांना खुले आभारपत्र

प्रिय हेमंत दिवटे यांस,

सविनय नमस्कार.

आपला-माझा परिचय नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या कामाबद्दल आभार मानायचे आहेत ते आपण माझ्यासारख्या अनोळखी वाचकांसाठीच केलेले आहे.

‘अभिधानंतर’ हे कवितेचे नियतकालिक आपण सुमारे पंधरा वर्षे चालवलेत. कविता मागवायच्या, काहींना नकार कळवायचा, कवीने मुद्दाम तोडलेली ओळ अक्षरजुळणीत सरळ होऊन गेली नाही ना हे मुद्रितात पुन्हा पुन्हा पाहायचे, छापखान्याचे बिल भागवायचे आणि वर्गणी येवो न येवो, पाकिटांवर पत्ते घालून अंक टपालात टाकायचे, हा सगळा वेळ कवीला स्वतःच्या कवितेतूनच काढावा लागतो. आपण तो काढलात, म्हणून १९९० नंतरच्या मुंबईची भाषा, तिच्यातले ब्रँड, जाहिराती, लोकलची गर्दी आणि संगणक हे सारे मराठी कवितेत येत असताना मन्या जोशी, वर्जेश सोलंकी यांच्यासारख्या कवींना हक्काची जागा मिळाली. ही कविताच नव्हे, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. माझ्या मते त्या काळच्या मराठी कवितेचा खरा जिवंतपणा याच पानांत होता.

दुसरे ऋण अधिक खासगी आहे. नोकरीनिमित्त मी बंगळुरात राहतो. इथल्या माझ्या कन्नड सहकाऱ्याला मराठी कविता म्हणजे तुकाराम एवढेच ठाऊक होते. २००३ साली आपण ‘पोएट्रीवाला’ ही प्रकाशनसंस्था सुरू केलेत आणि त्यातून सचिन केतकर यांनी संपादित केलेले ‘लाइव्ह अपडेट’ हे समकालीन मराठी कवितेचे इंग्रजी संकलन २००५ मध्ये आले. ते मी त्याला वाचायला दिले. वाचून झाल्यावर त्याने मला मूळ मराठी मोठ्याने वाचायला लावले, अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे तो केवळ नाद ऐकत होता, आणि मग या कवींचे पुढे काय झाले हे त्याने एकेकाचे नाव घेऊन विचारले. आपल्या कवितांना दिलीप चित्रे, मुस्तनसीर दळवी यांच्यासारखे अनुवादक लाभले. अनुवादाचे तेच दार आपण इतर कवींसाठीही उघडे ठेवलेत, याचे मोल मला त्या दिवशी समजले.

आपल्या ‘थांबताच येत नाही’ या कवितासंग्रहातली शहरी माणसाची धाप मला आजही ओळखीची वाटते आणि आपले नवे लेखन मी वाट पाहून वाचतो. पुढचा संग्रह येईल तेव्हा त्याच्याबरोबर आपण प्रकाशित केलेल्या एखाद्या नवख्या कवीचे पुस्तकही मी मागवणार आहे, दोन प्रतींत: एक माझ्यासाठी आणि एक त्या सहकाऱ्यासाठी.

मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
एक वाचक