ऑनलाइन विक्रीला राज्याची वेस कशासाठी?

प्रति,
माननीय वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

छोट्या विक्रेत्यांची जीएसटीची कामे करणे हा माझा व्यवसाय आहे. घरी कपडे शिवणाऱ्या, साबण किंवा मेणबत्त्या बनवणाऱ्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे ऑनलाइन विक्रीचे प्रशिक्षण झालेले असते. फोटो कसा काढायचा, पॅकिंग कसे करायचे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळते. त्या अडतात एकाच ठिकाणी. परराज्यातली ऑर्डर घ्यायची तर जीएसटी नोंदणी हवी. हे पत्र त्या एका नियमाबद्दल आहे.

वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात त्याला नोंदणीची सक्ती नाही. ऑनलाइन मंचावर विकणाऱ्याला मात्र ही सवलत सुरुवातीला नव्हती. त्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यालाही ती मिळाली आणि तो निर्णय मनापासून स्वागत करावा असाच होता. पॅन देऊन पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा आणि विक्री सुरू करायची. पण अट अशी, की माल राज्याबाहेर जाता कामा नये. त्यामुळे कर्नाटक सीमेजवळच्या चंदगडच्या बाईला थेट गोंदियाची ऑर्डर घेता येते, शेजारच्या बेळगावची येत नाही.

सेवा देणाऱ्यांना ही वेस नाही. काही ठरावीक सेवा सोडल्या, तर २० लाखांच्या आत उलाढाल असलेली व्यक्ती ऑनलाइन मंचावरून नोंदणीशिवाय देशभर सेवा देऊ शकते. ड्रेसचे डिझाइन करून देणारीला मोकळीक आणि तोच ड्रेस शिवून पाठवणारीला बंदी, हे मी कोणत्या तोंडाने समजावून सांगू?

‘मग नोंदणी करून टाका, त्यात काय एवढे,’ असे म्हटले जाते. नोंदणी झाली की केवळ परराज्यातल्या ऑर्डरवर नव्हे, दाराशी येणाऱ्या ग्राहकाच्या करपात्र खरेदीवरही कर लावावा लागतो. ज्या महिन्यात काहीच विकले नाही, त्याचाही हिशेब विवरणपत्रात दाखवावा लागतो. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, विक्री शून्य असली तरी दिवसाला २० रुपये विलंब शुल्क. त्याआधी पत्त्याचा पुरावा. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर लाइट बिलासोबत त्यांचे संमतिपत्र लागते. भाड्याचे घर असेल तर घरमालकाची मनधरणी करावी लागते आणि जीएसटीचे नाव काढताच बरेच घरमालक सही द्यायला तयार होत नाहीत. महिन्याला चार-पाच हजारांचा माल विकणारी बाई इथेच माघार घेते. तिने बनवलेल्या वस्तूत काही खोट असते म्हणून नव्हे. लहान व्यापाऱ्यांना ठरावीक कमी दराने कर भरू देणाऱ्या कंपोझिशन योजनेचा पर्यायही कामाचा नाही, कारण त्यातही परराज्यात विक्री करता येत नाही.

करचुकवेगिरीची भीती असेल, तर ऑनलाइन विक्रीइतकी उघडी विक्री दुसरी नाही. नावनोंदणी क्रमांकावर विकणाऱ्यांचा तपशीलही मंचाला दरमहा जीएसटीआर-८ या आपल्या विवरणपत्रात द्यावा लागतो. रोखीच्या बाजारात अशी नोंद कुठे राहते? माल ज्या राज्यात जातो त्याचा महसूल बुडेल, हा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. जीएसटी शेवटी उपभोगाच्या राज्याला मिळतो. म्हणूनच माझी मागणी ४० लाखांची नाही. सेवांप्रमाणे २० लाखांची मर्यादा ठेवा आणि तिच्या आत उलाढाल असणाऱ्यांना नोंदणीशिवाय परराज्यातही ऑनलाइन माल विकू द्या.

केंद्राने जून २०२४ मध्ये ‘टीम’ उपक्रम सुरू केला. २७७.३५ कोटी रुपये खर्चून ५ लाख सूक्ष्म व लघु उद्योग ओएनडीसी या सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या खुल्या ऑनलाइन विक्री-जाळ्याच्या आधारे बाजारात आणायचे, त्यांतले निम्मे महिलांचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. हेतू उत्तम आहे. पण ज्यांना देशाच्या बाजारात आणायचे, त्यांतल्या सर्वांत लहानांना करनियम राज्याच्या सीमेवर थांबवतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे हे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये, जीएसटीचे निर्णय घेणाऱ्या केंद्र व राज्यांच्या जीएसटी परिषदेने अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांसाठी सोप्या नोंदणीला तत्त्वतः मान्यता दिली. त्याचा उपयोग होईल, पण ज्यांना प्रत्येक राज्यात व्यवसायाचे ठिकाण दाखवावे लागते अशांनाच. ज्यांना नोंदणीच पेलत नाही, त्यांचा प्रश्न तसाच राहतो.

परिषदेत राज्यांच्या मतांचे एकत्रित वजन दोन-तृतीयांश आहे. महाराष्ट्राने हा विषय मांडला तर तो बाजूला सारणे सोपे नाही. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो यावा, यासाठी राज्याच्या वतीने लेखी प्रस्ताव द्यावा, ही विनंती. दुसरे काम तर आपल्या अखत्यारीतलेच आहे. नावनोंदणी क्रमांकाची सोय आहे हेच अनेकींना माहीत नसते. राज्य जीएसटी विभागाने त्याची माहिती मराठीत छापून प्रत्येक जिल्हा उद्योग केंद्रात आणि बचत गटांपर्यंत पोहोचवावी. त्यासाठी परिषदेची वाट पाहावी लागत नाही.

आपला विश्वासू,
एक कर सल्लागार