पाठीचे माप

पुणे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दिवाळीत घरी आले असताना जे बोलायचे राहून गेले, ते आता सवडीने लिहीत आहे. आईच्या पोलक्याचे माप घेताना शिंपीकाका म्हणाले होते की, पुढचे माप वहीतले जुनेच चालेल, पण पाठीची लांबी वाढली आहे. तेव्हा आपण सगळे हसलो. मला मात्र नंतर आठवत राहिले की, वरच्या फळीवरचा पितळी डबा काढायला आईला आता पाटावर उभे राहावे लागते आणि तिच्या साडीच्या निऱ्या पुढून जमिनीवर लोळतात. निघण्याच्या सकाळी दाराच्या चौकटीला टेकवून मी तिची उंची मोजली, ती ५ फूट भरली. लग्नाच्या वेळच्या माहितीपत्रकात ती ५ फूट २ इंच लिहिली आहे. त्या काळी मुलीची उंची थोडी वाढवूनच लिहीत, हे बाबांचे म्हणणे मान्य करून अर्धा इंच सोडला, तरी दीड इंचाचा, म्हणजे जवळजवळ ४ सेंटिमीटरचा फरक उरतो. आणि तरुणपणीच्या उंचीत एवढी घट दिसली की डॉक्टर मणक्यांची तपासणी करायला सांगतात.

हाडे ठिसूळ झाली की मणक्याचा पुढचा भाग दबून तो पाचरीसारखा होतो आणि असे दोन-तीन मणके झाले की पाठीला बाक येतो. मणका असा दबणे हाही अस्थिभंगच, पण यातले बरेचसे दुखत नाहीत, म्हणून ते कळतही नाहीत. प्रत्येक बाकामागे हेच कारण असते असे नाही. पाठीचे स्नायू दुबळे झाल्यानेही माणूस वाकतो. पण कारण कोणतेही असो, वाकलेल्या पाठीने छातीचा पिंजरा पुरेसा फुलत नाही, पोटावर दाब येऊन थोड्याशा जेवणानेही जड वाटते, आणि शरीराचा भार पुढे गेल्यामुळे तोल सावरणे अवघड होते. आई, जिना चढताना लागणारी धाप आणि रात्रीची आम्लपित्ताची गोळी यांचा या पाठीशी काही संबंध आहे का, हेही मला डॉक्टरांना विचारायचे आहे.

तोवर एक आग्रह आहे. मोबाइलवर पाहून तू रोज सकाळी गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरतेस, ते कृपा करून थांबव. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. सिनाकी यांनी पाळी गेलेल्या, हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ९ जणींपैकी ८ जणींचे मणके आणखी दबले होते, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या २५ जणींपैकी फक्त ४ जणींचे. संख्या लहान आहे, हे मला दिसते. तरीही तुझ्या बाबतीत मला ती जोखीम नको आहे. डॉक्टरांनी होकार दिला, तर भिंतीच्या आणि खुर्चीच्या आधाराने करायची आसने शिकता येतील. बी. के. एस. अय्यंगारांनी इथे पुण्यातच ती पद्धत घडवली आणि वयस्कर माणसांना ती झेपते.

बाबा, तुमची तऱ्हा वेगळी आहे. तुमची पाठ ताठ आहे, पण मान बिचारी दिवसभर राबते. सकाळी दीड तास वर्तमानपत्र मांडीवर पसरून तुम्ही त्यावर ओणवता, तेव्हा सुमारे ५ किलोचे डोके मानेच्या स्नायूंनी मागून ओढून धरलेले असते. दुपारी संगणकावर बँकेचे हिशेब पाहताना दुहेरी काचेच्या (बायफोकल) चष्म्याच्या खालच्या भागातून दिसावे म्हणून हनुवटी वर करून बसता आणि संध्याकाळी मला फोनवर सांगता की मान अवघडली. वर्तमानपत्र टेबलावर तिरके टेकवून ठेवावे आणि संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा, एवढे पुरेसे होईल असे मला वाटते. लहानपणी तुम्ही मला सारखे ‘ताठ बस’ म्हणायचात, ते मात्र मला आता अर्धेच पटते. तासभर काठीसारखे ताठ बसूनही अंग आखडतेच. अर्ध्या तासाने उठून अंगणात एक फेरी मारणे त्याहून हिताचे आहे.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी येत आहे. आईला डॉक्टरांकडे नेऊन हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि पाठीचा एक्स-रे यांविषयी विचारू. तोपर्यंत पितळी डबा खालच्या फळीवर ठेवावा आणि पाण्याची भरलेली बादली आईने वाकून उचलू नये. ते जुने माहितीपत्रकही कपाटातून काढून ठेवा, डॉक्टर पूर्वीची उंची विचारतील.

कळावे,
तुमची लेक