येत्या उधाणाला खाडीवर गरवणाऱ्या (गळाने मासे धरणाऱ्या) सभासदांसाठी सूचना

रेवदंड्याच्या खाडीत अमावास्येला पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते; पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर धरा. भरतीचे शेवटचे दोन तास आणि ओहोटीचा पहिला तास हीच खरी वेळ. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास लहान भरती असताना, चालणारं 20 ग्रॅमचं शिसं उधाणाच्या ओढीत ठरत नाही, 40 ते 60 ग्रॅमचं आणा.

जिताडा या मोठ्या खाडीमाशासाठी 4/0 ची मोठी गरी (गळ) आणि तिच्या वर हातभर जाड तंगूस (नायलॉनचा दोर), निदान 40 पौंडांची ओढ सोसणारं. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते. मासा वळला की बारीक तंगूस तिथेच कापला जातो. कोळंबी जिवंतच हवी. तिच्या डोक्यात काळा डाग दिसतो, तो टाळून शिंगाखालून गरी घाला. डागाला टोक लागलं की कोळंबी लगेच मरते.

बोयी या लहान माशाला 10 नंबरची बारीक गरी, तरंगा आणि कणकेची वाटाण्याएवढी गोळी पुरते. झटका देऊ नका, ओठ मऊ असल्याने फाटतो. तरंगा सरकला की काठी नुसती उचला.

खडपावर (किनाऱ्याच्या खडकावर) उभं असताना मागे बघत राहा, कारण भरतीचं पाणी आधी मागच्या घळीत शिरतं. चिखलात पाय घासत चाला, पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) त्यात दडलेली असते. एकट्याने जाऊ नये.

आणि कळकळीची विनंती: जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. म्हणून तीन फुटांवरचा मासा बहुधा मादीच. दोन्ही हातांवर आडवा धरून तो पाण्यात सोडा.