शिवणयंत्रावर वाकलेल्या माना

महोदय,

नागपूरच्या महाल भागात माझे ब्लाउज आणि फॉल-पिकोचे छोटे दुकान आहे. लग्नसराईत आम्हा बायांच्या माना दिवसभर मशीनवर वाकलेल्या असतात. माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे. ते जितके पुढे झुकते तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. सायंकाळी खांदे दगडासारखे होतात, मग गोळी घेऊन पुन्हा काम सुरू.

यावर स्टुलावर बसूनच करता येतील असे स्नायू ताणण्याचे व्यायाम आहेत. नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागे ओढायची, ५ सेकंद थांबून सोडायची. असे ८-१० वेळा. मान खाली-वर करायची नाही, इथेच बहुतेकजणी चुकतात. मग कान खांद्याकडे झुकवून २०-३० सेकंद थांबायचे, दोन्ही बाजूंनी; खांदा मात्र वर उचलायचा नाही. छाती आणि खांद्यांसाठी उठून दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेकवून छाती पुढे न्यायची. घरी सतरंजीवर मार्जारासन करावे, म्हणजे हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन पाठ हळूहळू वर-खाली वाकवावी. झटके देऊ नयेत. हाताला मुंग्या येत असतील, बोटे बधिर होत असतील तर हे थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

सकाळी बागांमधून योगवर्ग चालतात, फार चांगले आहे. पण त्याच वेळी आमच्या घरी डबे भरणे सुरू असते. म्हणून महाल-इतवारीतल्या दुकानमालकांना कळकळीची विनंती: अर्ध्या-पाऊण तासाने कारागिरांना दोन मिनिटे उठू द्या. नगावर मजुरी घेणारी बाई स्वतःहून उठत नाही.

– एक शिवणकाम करणारी, महाल, नागपूर