भोंगा वाजला की खिडकीशी जायचं नाही

पुणे, एप्रिल

ती. आई आणि बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या ताईच्या घरात, गॅरेजमध्ये, टोर्नॅडो, म्हणजे गरगरत्या वाऱ्याचं वादळ, आलं तर आत जाऊन बसायला पोलादी खोली बसवायची ऑर्डर तिने आणि मी दिली आहे. पैसेही भरून झाले. माणसं येतील, खालच्या काँक्रीटमध्ये मोठे बोल्ट मारून ती पक्की करतील आणि त्याच दिवशी जातील. बाबा, "आम्ही पावसाळा संपायच्या आत परत येणार, एवढ्याशा दिवसांसाठी हा खर्च कशाला?" असं तुम्ही म्हणणार, म्हणून फोन न करता लिहितोय. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत मला गप्प करता, आणि आई मध्येच फोन घेऊन "जेवलास का?" विचारते. मग मुद्दा राहूनच जातो.

खर्च एकट्या तुमच्यासाठी नाही. ताईचं बाळ तिथेच वाढणार आहे. ताई-भाऊजींनी घर घेतलं तेव्हापासून हे करायचं चाललं होतं, तुम्ही गेलात म्हणून आता झालं. माझा वाटा मी स्वयंपाकघराच्या कामाला काढून ठेवलेल्या पैशांतून दिला. आई, ओटा अजून दोन वर्षं सहज निघेल. तुमच्या एफडीला मी हात लावलेला नाही, हे बाबांसाठी.

जमिनीखालची का घेतली नाही, असंही विचाराल. तिथे अनेकांच्या गॅरेजमध्ये फरशीखालीच खड्डा असतो, वर सरकतं झाकण आणि आत उतरायला अरुंद, उभ्या पायऱ्या. आईचे गुडघे, आणि तेही घाईत, कदाचित अंधारात. मला ते पटेना. जमिनीवरच्या खोलीत नुसतं चालत जायचं. ती कमी मजबूत असते असं नाही. ताशी ४०० किलोमीटर वारा सोसेल अशा हिशेबाने ती बनवतात. लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात अशा भिंतींवर तोफेतून साधारण सात किलोचा लाकडी वासा ताशी १६० किलोमीटर वेगाने मारून बघतात. वासा का, तर टोर्नॅडोत माणसं नुसत्या वाऱ्याने कमी दगावतात. जीव जातो तो उडत येणाऱ्या वस्तूंनी: पत्रे, विटा, काचा, छपराची लाकडं. घर लाकडी सांगाड्याचं आहे, बाबा. आपल्या कोथरूडच्या आरसीसी इमारतीत बसून वादळ बघणं वेगळं.

आणि तुम्ही बघणार, हीच माझी खरी काळजी आहे. वळवाचा पाऊस आला की तुम्ही गॅलरीत खुर्ची टाकता. मी लहान असताना मला मांडीवर घेऊन बसायचात. वीज चमकली की आकडे मोजायला लावायचात, गडगडाट ऐकू आला की सांगायचात, सिंहगडावर पडली, आता खडकवासल्यावर. मला आभाळाची भीती वाटत नाही ती तुमच्यामुळे. पण ते आभाळ वेगळं आहे, ते का, हे मी गेले काही दिवस वाचत बसलोय. तुम्हाला कारण कळल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही, म्हणून सांगतो.

आपल्या वळवाच्या ढगात तापलेली दमट हवा सरळ वर चढते आणि पाऊसही तिच्याच वाटेने खाली येतो. त्या गार पावसाने वर चढणारी हवा तुटते आणि तासाभरात ढग आपला आपण संपतो. ओक्लाहोमात वसंतात दक्षिणेकडून, मेक्सिकोच्या आखातावरून, उबदार दमट हवा येते आणि पश्चिमेच्या उंच पठाराकडून कोरडी. त्यांच्या वर जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या हवेच्या पट्ट्याचा, जोरदार वारा असतो. जमिनीजवळ वारा एका दिशेने आणि हळू, वर दुसऱ्या दिशेने आणि जोरात, त्यामुळे मधली हवा आडवी गोल फिरू लागते. आई, पोळपाटावर लाटणं फिरतं तशी. ढगातली वर चढणारी हवा हे फिरतं लाटणं उचलून उभं करते, आणि अख्खा ढगच गरगरू लागतो. वरच्या वाऱ्यामुळे पाऊस बाजूला पडतो, म्हणून हा ढग लवकर विझत नाही, काही तास चालत राहतो. अशा प्रत्येक ढगातून टोर्नॅडो उतरत नाही. उतरतो तेव्हा मात्र वेळ फार थोडा असतो.

घाबरू नका. बहुतेक टोर्नॅडो दुबळे असतात आणि काही मिनिटांत विरतात. त्यांची प्रत शून्य ते पाच अशी लावतात, तीही नंतर, पडझड बघून. पाचाचे, म्हणजे ताशी ३२० किलोमीटरच्या वरचे, फार विरळा. पण तुम्ही राहताय तिथून मूर गाव जवळ आहे, आणि तिथे ३ मे १९९९ ला आणि पुन्हा २० मे २०१३ ला याच प्रतीचे येऊन गेले. २०१३ मध्ये २४ माणसं गेली. त्या दिवशी इशारा टोर्नॅडो जमिनीला टेकण्याच्या १६ मिनिटं आधी मिळाला होता आणि त्यामुळे कितीतरी जण वाचले. नेहमी एवढी मिनिटं मिळतीलच असं नाही. आईला चष्मा सापडायला, तुम्हाला शर्ट घालायला तेवढी लागतात.

त्याच महिन्याच्या ३१ तारखेला ओक्लाहोमातल्याच एल रीनो गावाजवळ जो आला, तो चार किलोमीटरहून रुंद होता. साधारण कोथरूड स्टँडपासून डेक्कनपर्यंत. टिम समारास नावाचे इंजिनियर कित्येक वर्षं टोर्नॅडोंचा अभ्यास करत होते, ते त्यात गेले. त्यांचा मुलगा बरोबर होता, तोही गेला. बाबा, ते वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून ठेवला. ज्यांना सगळं माहीत होतं त्यांनाही अंदाज आला नाही. चित्रातल्यासारखी सोंड दरवेळी दिसत नाही. ती पावसाच्या पडद्याआड असते, रात्री तर दिसतच नाही. दिसेल मग जाऊ, असं चालणार नाही.

आता मी सांगतो तसं करायचं.

टीव्हीवर "वॉच" आलं तर हवा तशी आहे एवढंच समजा. त्या दिवशी फिरायला लांब जायचं नाही, बूट दाराशी काढून ठेवायचे, फोन चार्ज करायचा. "वॉर्निंग" आली की टोर्नॅडो दिसलाय किंवा रडारवर फिरणारी हवा पकडली आहे. तेव्हा सरळ खोलीत. खिडक्या उघडायला थांबायचं नाही, त्याने घर वाचतं हा जुना समज चुकीचा आहे. बाहेर गाडीत असाल तर पुलाखाली थांबायचं नाही, तिथे वारा अधिक जोराने घुसतो. भाऊजी जवळच्या पक्क्या इमारतीत नेतील, त्यांच्याशी वाद घालू नका.

गावातला इशाऱ्याचा भोंगा बाहेर असणाऱ्यांसाठी असतो. बंद घरात, एसी चालू असताना, आणि बाबांनी दुपारी कानातलं मशीन काढून ठेवलेलं असताना, तो ऐकू येईल असं धरून चालायचं नाही. म्हणून ताईने तुमच्या खोलीत हवामानाचा रेडिओ ठेवला आहे. तो इशारा आला की आपोआप जोरात वाजतो. बाबा, त्याचा प्लग काढायचा नाही. बाकीचे काढा, हा नाही.

बाळाला ताई घेईल, ती नसेल तर आई. बाळाची दुसरी पिशवी, पासपोर्ट, आईच्या बांगड्या, कशासाठीही मागे फिरायचं नाही. पानशेतच्या पुरात आजी पितळी डब्यासाठी परत वर गेली, ते तुम्ही दर १२ जुलैला सांगता. आजी वाचली, कारण पाणी जिना चढत होतं आणि तिला ते दिसत होतं.

आई, खोलीत कोंडल्यासारखं होईल म्हणून तू घाबरशील, लिफ्टमध्ये होतं तसं. हवेसाठी भोकं आहेत, कडी आतून आहे, आणि बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात बाहेर येता येतं. तुझ्यासाठी पाठ टेकायची खुर्ची आधीच आत ठेवायला सांगितली आहे. पाणी, बॅटरी, बीपीच्या गोळ्यांचा वेगळा डबा, राजगिऱ्याच्या वड्या, दोन जाड गोधड्या आणि तुमच्या दोघांसाठी हेल्मेट. हो, हेल्मेट. पुण्यात घातलं नाही तरी तिथे घालायचं. गणपतीचा छोटा फोटोही आत लावून घे. बाहेर आल्यावर अनवाणी फिरायचं नाही, खिळे आणि काचा असतात. तारांजवळ जायचं नाही. गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही, घराबाहेर पडायचं.

तुम्हाला परत बोलवावं असं खूपदा वाटलं. पण बाळाला मांडीवर घेतलेला आईचा चेहरा मी रोज व्हिडिओवर बघतो, आणि बाबा त्याच्याशी अथर्वशीर्ष म्हणतात तेही ऐकतो. ते मोडायला मन झालं नाही. म्हणून खोली.

इकडे सगळं ठीक आहे. तुळशीला रोज पाणी घालतो, मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत. बाबांचा पेपर बंद केलेला नाही, रद्दी वेगळी ठेवतोय. मी बाहेरचं फारसं खात नाही.

दर शनिवारी दुपारी बाराला तिथे भोंग्याची चाचणी असते. आभाळ वाईट असेल त्या दिवशी ती करत नाहीत. खोली बसली की पहिल्याच शनिवारी चौघांनी आणि बाळाने भोंग्याबरोबर आत जाऊन बसायचं, दार लावायचं. किती वेळ लागला ते ताई घड्याळ लावून मला कळवणार आहे. आईचे बूट वेल्क्रोचे घ्यायला सांगितले आहेत, नाडीचे नकोत. बाबा, तुम्ही आईचा हात धरूनच जायचं, पुढे जाऊन "चल, चल" म्हणायचं नाही.

बाळाला पापा.

तुमचा,
बाळ्या